हॉलमध्ये चॅनल बदललं की बेडरूममधलं का जातं? एका डिशवर दोन-तीन टीव्ही लावल्यावर येणारी नेहमीची अडचण

घरात छत्री एक आणि सेटटॉप बॉक्स दोन. हॉलमधला टीव्ही एकटा चालू असतो तेव्हा सगळं व्यवस्थित चालतं. संध्याकाळी बेडरूममधला टीव्ही लागला की कुठल्या तरी एका खोलीत 'सिग्नल उपलब्ध नाही' येतं. सगळीच चॅनल जात नाहीत, साधारण निम्मी जातात, आणि थोड्या वेळाने कोणी काही न करता परत येतात. मेकॅनिक येतो, गच्चीवर जाऊन छत्री जरा हलवतो, बोल्ट आवळतो, खाली येऊन चित्र दाखवतो आणि जातो. रात्री पुन्हा तेच.

मी कोकणात डिश बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. या एका तक्रारीपायी लोकांनी बॉक्स बदललेले, छत्री बदललेली, अगदी कंपनीही बदललेली मी पाहिली आहे. दोष मात्र बहुतेक वेळा टीव्हीच्या मागे किंवा माळ्यावर पडलेल्या अंगठ्याएवढ्या स्प्लिटरमध्ये, म्हणजे एका वायरीच्या दोन वायरी करणाऱ्या जोडात असतो. तो कसा ओळखायचा आणि कायमचा कसा घालवायचा, ते इथे सविस्तर लिहितो आहे. नाहक खर्च करणारी माणसं पाहून वाईट वाटतं.

आधी पडद्यावरचा संदेश वाचा

'चॅनल दिसत नाही' याचे दोन वेगळे अर्थ असतात आणि फोनवर सांगताना लोक दोन्हींना 'सिग्नल गेला' म्हणतात. पहिल्यात बॉक्सला उपग्रहाकडून काहीच मिळत नसतं. दुसऱ्यात सगळं मिळतं, पण ते चॅनल तुमच्या पॅकमध्ये नसतं किंवा बॉक्सला ते उघडायची परवानगी पोचलेली नसते. दुसऱ्या प्रकारच्या संदेशात रिचार्ज, पॅक, सबस्क्रिप्शन, कार्ड असे शब्द दिसतात. पाहुण्यांच्या खोलीतला बॉक्स भिंतीवरच्या बटणापासून महिना-दोन महिने बंद असेल तर असं होतं, कारण परवानगीचे संदेशही उपग्रहावरूनच येतात आणि बंद बॉक्सला ते मिळत नाहीत. रिचार्ज झालेला असेल तर बॉक्स पैशाच्या एखाद्या चॅनलवर थोडा वेळ चालू ठेवा आणि कंपनीच्या ॲपमधून किंवा फोनवरून रिफ्रेश मागवा. छत्रीला हात लावायची गरज नाही.

यापुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल आहे. त्यातही पाऊस कोसळताना दोन्ही खोल्यांतलं चित्र एकदमच फुटत असेल तर तो या लेखाचा विषय नव्हे. आपल्याकडच्या सगळ्या डीटीएच सेवा केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर आहेत आणि जोराच्या सरीत त्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. सर ओसरली की चित्र परत येतं. तसंच वर्षातून दोनदा, फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. तेव्हा काही दिवस दुपारच्या आधी काही मिनिटं सिग्नल जातो. यात घरातल्या वायरिंगचा काही दोष नसतो.

दोन बॉक्स एका एलएनबीवर भांडतात, ते कसं

छत्रीसमोरच्या दांड्यावर जो डबा असतो तो एलएनबी. उपग्रहावरून येणाऱ्या लहरी १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या असतात. इतक्या वरच्या लहरी वायरीतून खाली आणणं अवघड, म्हणून एलएनबी त्या खाली उतरवून साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये आणतो. आता उपग्रह जागा वाचवण्यासाठी एकाच लहरीवर उभ्या आणि आडव्या अशा दोन पोलरिटीत, म्हणजे लहर हलण्याच्या दोन दिशांत, वेगवेगळी चॅनल पाठवू शकतो. शिवाय ११.७ गिगाहर्ट्झच्या खालचा एक पट्टा आणि वरचा दुसरा. म्हणजे एकूण चार गट झाले. साध्या, एका तोंडाच्या एलएनबीतून एका वेळी यातला फक्त एकच गट खाली येतो, कारण चारही गट उतरवले तर ते त्याच ९५० ते २१५० मध्ये एकमेकांवर पडतील.

कुठला गट पाठवायचा हे एलएनबीला बॉक्स सांगतो, आणि तेही त्याच वायरीतून. बॉक्सने १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभी पोलरिटी पाठवतो, १८ व्होल्ट दिले की आडवी. वरचा पट्टा हवा असेल तर बॉक्स त्यावर २२ किलोहर्ट्झचा एक सूर चढवतो. तुम्ही रिमोटवर चॅनल बदलता तेव्हा बॉक्स गरजेप्रमाणे हा व्होल्टेज आणि सूर बदलत असतो.

आता मध्ये स्प्लिटर टाकून दोन बॉक्स जोडा. हॉलमध्ये आडव्या गटातली मॅच चालू आहे, म्हणून हॉलचा बॉक्स १८ व्होल्ट देतो. बेडरूममध्ये उभ्या गटातली मालिका हवी आहे, म्हणून तिथला बॉक्स १३ देतो. एका रिक्षात दोन प्रवासी, एकाला रेल्वे स्टेशनला जायचंय आणि दुसऱ्याला एसटी स्टँडला, असा प्रकार झाला. दोन्ही तोंडांतून वीज जाऊ देणाऱ्या स्प्लिटरमध्ये जास्त व्होल्ट असलेला जिंकतो. एलएनबीला १८ दिसतात, तो आडवा गट पाठवतो आणि मालिका जाते. हॉलवाल्याने चॅनल बदललं आणि ते उभ्या गटातलं निघालं की मालिका आपोआप परत येते. २२ किलोहर्ट्झच्या सुराचंही तसंच, दोघांपैकी कोणीही तो दिला की एलएनबी वरच्या पट्ट्यावर जातो.

दोन गोष्टी यातून उलगडतात. एक, ज्या खोलीत उभ्या गटातली चॅनल जास्त पाहिली जातात ती खोली कायम 'खराब' वाटते आणि तिथला बॉक्स विनाकारण बदलला जातो. दुसरी, मेकॅनिकने छत्री हलवल्यावर चित्र येतं त्याचं कारण छत्री नसते. तपासणी दुपारी होते, तेव्हा एकच टीव्ही चालू असतो. दुसरा बॉक्स बंद असला की भांडायला कोणी उरत नाही.

मग शेजाऱ्याकडे त्याच स्प्लिटरवर तीन टीव्ही वर्षानुवर्षं कसे चालतात, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. घरातले सगळे जी चॅनल पाहतात ती सगळी एकाच पोलरिटीत आणि एकाच पट्ट्यात असतील तर दोन्ही बॉक्स एलएनबीला एकच गोष्ट सांगतात आणि स्प्लिटर खपून जातो. पुढे एखादं आवडीचं चॅनल उपग्रहावरच्या दुसऱ्या ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे दुसऱ्या प्रक्षेपकावर, हलवलं जातं, दुसऱ्या गटात जातं, आणि इतके दिवस चालणारी व्यवस्था एका रात्रीत बिघडते. 'आम्ही काहीच केलं नाही हो' हे लोक म्हणतात ते अशा वेळी अगदी खरं असतं.

घरच्या घरी तपासणी

मीटर लागत नाही. एक कागद, पेन आणि दोन माणसं पुरेत.

तपासणी होईपर्यंत ऑटो स्कॅन करू नका. फ्री डिशच्या साध्या बॉक्सवर तर अजिबात नको. दुसरा बॉक्स चालू असताना स्कॅन केलं तर एलएनबी ज्या गटावर अडकला आहे तेवढीच चॅनल सापडतात, जुनी यादी पुसली जाते, आणि मग 'चॅनल कमी झाली' ही नवी तक्रार उभी राहते.

ज्या खोलीत त्रास आहे तिथे बसून, तक्रार चालू असताना, दहा-बारा चॅनल लावून पाहा. कुठली दिसतात, कुठली नाहीत, दोन रकाने करा. मग दुसऱ्या खोलीतला बॉक्स भिंतीवरच्या बटणापासून बंद करा. रिमोटने बंद केलेला बॉक्स चालणार नाही, कारण बरेच बॉक्स रिमोटने झोपवले तरी वायरीत व्होल्ट देत राहतात. दिवा लाल झाला म्हणून बॉक्स बंद आहे असं समजून इथेच बहुतेकांची फसगत होते. बटण बंद केल्यावर तीच दहा-बारा चॅनल पुन्हा लावा.

गेलेली चॅनल परत आली, तर वर सांगितलेलं भांडण पक्कं. याच्या पुढे छत्री, बॉक्स, एलएनबीची दिशा काही तपासू नका, थेट उपायाकडे जा.

उलटं झालं, म्हणजे दुसरा बॉक्स बंद करताच तुमच्या खोलीतली सगळीच चॅनल गेली, तर स्प्लिटर एकाच तोंडातून वीज सोडणारा आहे. अशा स्प्लिटरवर एका तोंडाजवळ 'पॉवर पास' असं छापलेलं असतं किंवा लाल खूण असते. त्या तोंडाला जोडलेला बॉक्स एलएनबीचा मालक, दुसरा नुसता ऐकणारा. मालक खोलीत जो गट चालू असेल त्यातलीच चॅनल दुसऱ्या खोलीत दिसतात. वायरी उलटसुलट केल्या तर फक्त मालक बदलतो.

दुसरा बॉक्स बंद केला काय आणि चालू ठेवला काय, तुमच्याकडे तीच चॅनल गेलेली राहतात, असं असेल तर दोष तुमच्या खोलीच्या वायरीत, जोडात किंवा एलएनबीच्या एका बाजूत आहे. लांबच्या खोलीत हे जास्त दिसतं. बॉक्सने १८ व्होल्ट दिलेले असतात, पण गंजलेल्या जोडांतून आणि हलक्या वायरीतून जाताना ते कमी होत जातात. एलएनबीपाशी पोचेपर्यंत ते इतके उतरले की तो त्यांना १३ समजतो आणि उभ्या गटावरच बसून राहतो. मीटर असेल तर आडव्या गटातलं चॅनल लावून एलएनबीच्या टोकाशी व्होल्ट मोजा. मोजताना एलएनबी जोडलेला असायला हवा, कारण भार नसताना खराब वायरही पूर्ण १८ दाखवते. एलएनबीला आडव्या गटासाठी साधारण १६ च्या वर लागतात.

माळ्यावरचा स्प्लिटर

एक उदाहरण देतो. दापोलीजवळचं कौलारू घर, माजघराच्या वर माळा. हॉल आणि मागच्या पडवीतली खोली असे दोन टीव्ही. पडवीत आजी बसायच्या. त्यांना सकाळी कीर्तन आणि संध्याकाळी सह्याद्रीच्या बातम्या एवढंच हवं होतं आणि तेच मिळत नव्हतं. तीन वेळा छत्री हलवून झाली होती. वायरीच्या मागे मागे माळ्यावर गेलो तर कौलांखाली, काळी चिकटपट्टी गुंडाळलेला स्प्लिटर सापडला. पट्टी सोडली. पत्र्यावर '५ ते १००० एमएचझेड' छापलेलं होतं.

तो केबल टीव्हीच्या जमान्यातला स्प्लिटर. केबलचे सिग्नल १००० मेगाहर्ट्झच्या आतच असायचे, म्हणून त्या कामाला तो उत्तम होता. डिशच्या वायरीत मात्र ९५० पासून पुढे २१५० पर्यंत सगळं असतं. उपग्रहावरून ११,०९० मेगाहर्ट्झवर येणारं चॅनल घ्या. एलएनबी त्यातून ९,७५० वजा करतो आणि वायरीत ते १,३४० वर येतं. केबलचा स्प्लिटर त्या भागासाठी बनलेलाच नाही. वर एका बाजूचा पेच काढला तर पिनेभोवतीची जाळी हिरवी पडलेली आणि आत ओल. कौलांतून गळणारं पाणी वायरीवरून ओघळत थेट त्या जोडात उतरत होतं. तिथे तीन दोष एकदम होते. दोन बॉक्सचं भांडण, चुकीचा स्प्लिटर आणि पाणी. यातला एकच दुरुस्त केला असता तर चार दिवसांनी पुन्हा फोन आला असता, आणि आधीच्या फेऱ्यांमध्ये तेच होत आलं होतं.

तुमच्या घरीही वायरीचा माग शेवटपर्यंत काढा. केबल कनेक्शन काढून डिश घेतलेल्या घरांत जुन्या केबलच्याच वायरी आणि जोड वापरलेले फार सापडतात.

उपाय: प्रत्येक बॉक्सला एलएनबीचं स्वतंत्र तोंड

दोन बॉक्ससाठी दोन तोंडांचा, म्हणजे ट्विन एलएनबी लावायचा आणि प्रत्येक तोंडापासून एकेका बॉक्सपर्यंत सलग वायर न्यायची. ट्विनमध्ये दोन्ही तोंडं स्वतंत्र असतात. एकाला १३ आणि दुसऱ्याला १८ मिळाले तरी ज्याला जे हवं ते मिळतं. तीन-चार बॉक्स असतील तर क्वाड. मध्ये स्प्लिटर नको, जोड शक्यतो नको.

दुकानात मागताना एक गोष्ट सांभाळा. 'चार तोंडांचा एलएनबी द्या' म्हटलं तर दोन प्रकारचे मिळू शकतात आणि दिसायला ते सारखेच. क्वाडच्या प्रत्येक तोंडाला थेट बॉक्स जोडता येतो. क्वाट्रोच्या चार तोंडांतून मात्र ते चार गट कायमचे वेगवेगळे बाहेर येतात, तोंडापाशी तशी अक्षरंही कोरलेली असतात, आणि त्याला मल्टिस्विच लागतोच. क्वाट्रोला थेट बॉक्स जोडले तर प्रत्येक खोलीत एक-एकच गट दिसेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या जागी याल. मल्टिस्विच हा वेगळा डबा असतो. तो चारही गट आत घेतो आणि प्रत्येक बॉक्स मागेल तो गट त्याला पुरवतो. आठ-दहा बॉक्स असलेलं मोठं घर, लॉज किंवा सोसायटीची एकच सामायिक छत्री असेल तर हाच मार्ग बरोबर. तीन खोल्यांच्या घरात क्वाड पुरतो, मल्टिस्विचवर पैसे घालू नका.

कंपनीचं कनेक्शन असेल तर एलएनबी स्वतः बदलण्याआधी त्यांना फोन करा आणि 'मल्टी टीव्ही' असाच शब्द वापरा, म्हणजे जोडणी कशी हवी ते त्यांना कळतं. दुसऱ्या बॉक्सचा दर त्याच वेळी नीट विचारून घ्या. दूरसंचार नियामक ट्रायने २०२० मध्ये घरातल्या दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हीसाठी एनसीएफ, म्हणजे चॅनलच्या किमतीशिवाय घेतलं जाणारं नेटवर्कचं शुल्क, पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच घेता येईल असं ठरवलं होतं. २०२४ मध्ये मात्र एनसीएफवरची कमाल मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे आता दर कंपनीगणिक वेगळे असू शकतात. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे पैसेच नाहीत. तिथे दुसऱ्या टीव्हीचा खर्च म्हणजे बॉक्स, वायर आणि ट्विन एलएनबी, एवढाच.

एका छत्रीवर दोन कंपन्यांचे बॉक्स चालवायचा प्रयत्न करू नका. ट्विनचं दुसरं तोंड मोकळं आहे म्हणून त्याला दुसऱ्या कंपनीचा बॉक्स जोडला जातो आणि मग तो 'खराब' ठरतो. प्रत्येकाचा उपग्रह आकाशात वेगळ्या जागी आहे. टाटा प्ले ८३ अंश पूर्वेला, डी२एच ८८, फ्री डिश ९३.५, डिश टीव्ही ९५ आणि एअरटेल १०८.२. पुण्याहून पाहिलं तर ८३ चा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६६ अंश वर दिसतो, ९३.५ चा सुमारे ५९, आणि १०८.२ चा अवघा ४५. हा फरक झाडांच्या बाबतीतही लक्षात ठेवा. उपग्रह जितका खाली, तितकं समोरचं झाड लवकर आडवं येतं. कोकणात परसातला नारळ दोन-चार वर्षांत झावळ्या छत्रीसमोर आणतो आणि वारा सुटला की चित्र थांबत थांबत येतं. ते मात्र दोन्ही खोल्यांत एकदम होतं, त्यावरून ओळखा.

दुसरी वायर ओढायला जागाच नसेल तर

खरी अडचण इथेच येते. भिंतीतल्या पाइपात एकच वायर आहे आणि नवं प्लॅस्टर फोडायला घरातलं कोणी तयार नाही. आधी पाइप किती जाडीचा आहे ते पाहा. जागा असेल तर जुन्या वायरीच्या टोकाला दोन नव्या वायरी घट्ट बांधा, सांधा चिकटपट्टीने निमुळता करा आणि जुनी वायर दुसऱ्या टोकाने ओढून काढा. एक माणूस ओढणारा, एक वरून वायर सोडणारा, दोघांनी सावकाश. पाइपाला काटकोनी वळणं असतील तर हे जमत नाही, मग बाहेरच्या भिंतीवरून क्लिपा मारत वायर आणायची. दिसायला थोडं बरं नाही दिसत, पण वर्षानुवर्षं त्रास देत नाही.

एकाच वायरीवर अनेक बॉक्स चालवणारे खास एलएनबीही आहेत. त्यांना युनिकेबल म्हणतात. त्यात प्रत्येक बॉक्सला वायरीतली स्वतःची लहर नेमून दिलेली असते, म्हणून भांडण होत नाही, आणि पहिल्या प्रकारात आठपर्यंत बॉक्स चालतात. पण बॉक्सच्या सेटिंगमध्ये ती सोय असावीच लागते. एलएनबी विकत घेण्याआधी तुमच्या बॉक्सच्या मेनूत ते नाव शोधा, नसेल तर हा विचार सोडा.

आणि दोन्ही खोल्यांत एकाच वेळी एकच चॅनल दिसलं तरी चालणार असेल, तर दुसरा बॉक्स घ्यायचीच गरज नाही. स्वयंपाकघरात काम करता करता हॉलमधलीच मालिका पाहायची असेल तर बॉक्सच्या एचडीएमआयवर एचडीएमआय स्प्लिटर लावा. हा स्प्लिटर चित्र वाटतो, छत्रीची वायर वाटत नाही, म्हणून इथे तो चालतो. फार स्वस्तातल्या स्प्लिटरवर एचडी चॅनल काळी पडतात, कारण त्या चॅनलना नक्कल रोखणारी एचडीसीपी ही सोय लागते आणि स्प्लिटर ती पुढे नेत नाही. साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नाही, तिथून पुढे नेटवर्कच्या कॅट-६ वायरीवर चालणारा एक्स्टेंडर लावा. बऱ्याच बॉक्सना लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचं जुनं आउटपुटही असतं, ते एचडीएमआयच्या जोडीने चालू असेल तर छोट्या टीव्हीला तेवढंही पुरतं. रिमोटसाठी आयआर एक्स्टेंडर मिळतो. त्याचा डोळा स्वयंपाकघरात ठेवायचा आणि दुसरं टोक बॉक्ससमोर चिकटवायचं.

घरात आजारी किंवा म्हातारं माणूस वेगळ्या खोलीत असेल तर मात्र मी हा मार्ग सुचवत नाही. दिवसभर अंथरुणावर असलेल्या माणसाला आपलं चॅनल आपल्या हाताने लावता आलं पाहिजे. तिथे दुसरा बॉक्स आणि ट्विन एलएनबीच करा.

पुन्हा पुन्हा फोन येऊ नये म्हणून

वायर आरजी-६ घ्या. आरजी-५९ ही पातळ असते आणि डिशच्या लहरींना ती जास्त खाते. मधली तार तांब्याची की तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, ते कापून पाहा आणि लोहचुंबक लावा. जवळच्या खोलीला मुलाम्याची चालते, लांबच्या खोलीसाठी तांब्याचीच आणा.

जोडताना दोन्ही बॉक्स भिंतीपासून बंद ठेवा. वायरीच्या टोकाचा पेचाचा जोड, म्हणजे एफ कनेक्टर, लावताना जाळीचा एक केसही मधल्या तारेला टेकता कामा नये, नाहीतर बॉक्स 'एलएनबी शॉर्ट' दाखवतो. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलीमीटर दिसली पाहिजे. हाताने पिळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा यंत्राने दाबून बसवलेला कितीतरी टिकतो. गच्चीवरच्या प्रत्येक जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळा, साधी काळी चिकटपट्टी एका पावसाळ्यात सुटते. एलएनबीपाशी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकेल, कनेक्टरकडे जाणार नाही. क्वाडचं एखादं तोंड वापरात नसेल तर त्यावर रबरी टोपी बसवा. उघडं राहिलेलं तोंड सगळा एलएनबी खराब करतं.

भांडणावर उपाय म्हणून लाइन ॲम्प्लिफायर विकत घेऊ नका. तो सिग्नल मोठा करतो, १३ आणि १८ चा वाद सोडवत नाही. उंच इमारतीत गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत खूप लांब वायर असेल तेव्हा त्याचा उपयोग होतो, आणि तेव्हाही तो छत्रीजवळ लावायचा. खाली टीव्हीपाशी लावला तर वाटेत खराब झालेलाच सिग्नल मोठा होऊन येतो.

पावसात कौलांवर किंवा शेवाळलेल्या गच्चीवर चढू नका. छत्रीजवळून विजेच्या तारा जात असतील तर कोरड्या दिवशीही जाणकार माणसाला सोबत घ्या.

काम झालं की पैसे देण्याआधी एक चाचणी घ्याच, आणि ती दोन्ही टीव्ही चालू ठेवून. मघाचा दोन रकान्यांचा कागद काढा. हॉलमध्ये एका रकान्यातलं चॅनल लावा, बेडरूममध्ये दुसऱ्या रकान्यातलं. दोन्ही दिसली की अदलाबदल करा. मग हॉलचा बॉक्स भिंतीवरून बंद करून बेडरूमचं चित्र तसंच राहतं का ते पाहा, आणि नंतर उलटं करून. या चारही वेळा चित्र हललं नाही तर प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर खोलीचं नाव लिहा. एखाद्या वेळी जरी गेलं, तरी माळ्यावर कुठेतरी एखादा स्प्लिटर अजून शिल्लक आहे. तो सापडेपर्यंत मेकॅनिकला शिडी उचलू देऊ नका.